अन् मग पुन्हा लावता?

प्रत्येक घरात एक डबा असतो. आमच्याकडचा श्रीखंडाचा आहे. त्यात किल्ल्या आहेत, आणि त्या किल्ल्यांची कुलपं आता जगात कुठेही नाहीत. विकून टाकलेल्या लुनाची किल्ली आहे, आर्वीच्या भाड्याच्या घरातल्या मोरीच्या दाराची आहे, सासऱ्यांच्या हार्मोनियमच्या पेटीची आहे. दिवाळीच्या साफसफाईत डबा खाली येतो, सगळे त्यात डोकावतात, कोणीतरी "राहू द्या, लागन कधी" म्हणतं आणि डबा परत माळ्यावर जातो. घरात जी कुलपं अजून जिवंत आहेत, त्यांच्या किल्ल्या मात्र या डब्यात नसतात. त्या कुठे असतात हे फक्त हिला माहीत असतं, आणि विचारायची वेळ येते तेव्हा ही हटकून पुलगावला माहेरी गेलेली असते.

मला किल्ल्यांचं जरा जास्तच आहे, कारण मी बँकेत हेड कॅशियर होतो. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या लागतात. एक मॅनेजरकडे, एक कॅशियरकडे. दोघं एकत्र आल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. याला जॉइंट कस्टडी म्हणतात. बायकोशी महिनाभर अबोला धरता येतो, मॅनेजरशी सकाळी दहाच्या पुढे धरता येत नाही. नोकरीभर मी ती किल्ली कमरेला बांधून जेवलो, कमरेला बांधून वरातीत नाचलो आणि मध्यरात्री उठून चाचपून पाहिली. निवृत्तीच्या दिवशी मला शाल दिली, श्रीफळ दिलं, भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि किल्ली काढून घेतली. पुढे कित्येक दिवस हात कमरेकडे जायचा आणि तसाच परत यायचा. हिनं ते पाहिलं आणि परस्पर डॉक्टरला सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, "काका, काही छंद लावून घ्या."

वर्ध्यात निवृत्त माणसाला छंद म्हणजे सकाळी सेवाग्राम रोडनं फिरणं, आणि फिरून आल्यावर दिवसभर न फिरणाऱ्यांना ते सांगणं. दुसरा छंद लाफ्टर क्लब. पहाटे मैदानात उभं राहून विनाकारण हसायचं. मला विनाकारण हसता येत नाही. बँकेत आम्हाला सकारणही हसू देत नसत. अशा अवस्थेत एका रात्री झोप येईना म्हणून मोबाइल चाळत होतो, तर त्यावर एक अमेरिकन वकील आला.

या वकिलाचा चेहरा कधी दिसत नाही. नुसते हात दिसतात. स्वतःला तो लॉकपिकिंगलॉयर म्हणवतो. समोर एक दणकट कुलूप, हातात दोन वाकड्या तारा, आणि आवाज पंचांग सांगणाऱ्या गुरुजींइतका शांत. पहिली पिन बसली, दुसरी अडते आहे, तिसरी हलली, असं पुटपुटतो आणि आमच्याकडे दूध उतू जायला जितका वेळ लागतो तेवढ्यात कुलूप उघडून ठेवतो. नशिबानं उघडलं असं कोणाला वाटू नये म्हणून ते लावून पुन्हा एकदा उघडतो. मी अंथरुणात उठून बसलो. ज्या गोष्टीपायी माझी आयुष्यभराची झोप गेली, ती हा माणूस दोन तारांनी उघडत होता!

या प्रकरणात वकील कुठून आला, असं प्रथम वाटलं. मग आठवलं की आपल्याकडेही कुलपांच्या एका मोठ्या कारखान्यामागे वकीलच आहे. अर्देशीर गोदरेज मुंबईचे शिकलेले वकील. अशिलासाठी सत्याला मुरड घालणं जमेना म्हणून त्यांनी वकिली सोडली आणि 1897 साली लालबागला कुलपांचा कारखाना काढला. एक वकील कुलूप करणार, दुसरा वकील उघडणार. मध्ये अशिलाचं सामान.

छंदाचं साहित्य घरपोच मिळतं. कातडी पाकिटात निरनिराळ्या टोकांच्या तारा, पीळ द्यायच्या दोन-तीन पट्ट्या आणि शिकाऊ लोकांसाठी आरपार दिसणारं प्लॅस्टिकचं एक कुलूप. पार्सल हिनं घेतलं आणि हिनंच फोडलं.

"हे काय मागवलं? दात काढायचा धंदा सुरू करता काय?"

"कुलूप उघडायचं सामान आहे. छंद म्हणून."

"चोराचा छंद?"

"चोर दुसऱ्याचं कुलूप उघडतो. मी आपलंच उघडणार."

"आपल्या कुलपाची त चाबी आहे ना आपल्याजवळ!"

या प्रश्नाचं उत्तर जगातल्या कुठल्याही हौशी कुलूपवाल्याकडे नाही. पण त्यांच्याकडे नियम आहेत, आणि ते फार कडक आहेत. पहिला: जे कुलूप आपलं नाही, त्याला मालकाच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही. दुसरा: आपलं असलं तरी जे वापरात आहे ते उघडायचं नाही, कारण बिघडलं तर रात्र बाहेर काढावी लागते. जर्मनीत हॅम्बुर्गला 1997 साली या लोकांनी रीतसर संस्था काढली. ते स्पर्धा भरवतात. हौशी मंडळींत कराट्याच्या धर्तीवर रंगीत पट्टेसुद्धा दिले जातात, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत. म्हणजे चोरीतून चोरी काढून टाकल्यावर जे निव्वळ कौशल्य उरतं, त्याचा हा खेळ.

नियम वाचून मी घरभर फिरलो. फाटकाचं कुलूप वापरात. गच्चीचं वापरात. हिच्या कपाटाचं वापरात, आणि ते आपलं आहे की नाही याबद्दलही वाद. न वापरातलं एकच कुलूप सापडलं, ते गंजून दगड झालेलं. तेव्हा बाजारात जाऊन नवं कुलूप घेणं आलं.

"कोणतं दाखवू काका? हे अलीगढचं पाहा. एकदम मजबूत."

"मजबूत नको. सगळ्यात कच्चं दाखवा."

"कच्चं?"

"जे लवकर उघडते."

"कायले लावता?"

"कायलेच नाही."

पोरानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आतून मालकाला बोलावलं. मालकानं कुलूप दिलं, किल्ल्या मोजून दिल्या. किल्ल्या नकोत म्हणालो असतो तर त्यांनी शटर ओढून घेतलं असतं.

आता थोडं शास्त्र. पिनांच्या कुलपाच्या पोटात पिनांच्या जोड्या असतात आणि वरून स्प्रिंग त्यांना दाबून धरते. लाकडी पिनांची ही अक्कल इजिप्तच्या लोकांना हजारो वर्षांपूर्वी होती. लिनस येल नावाच्या अमेरिकनानं 1861 साली तिला आजचं रूप देऊन पेटंट घेतलं. बरोबर किल्ली आत गेली की प्रत्येक जोडीचा सांधा एका रेषेत येतो आणि आतला गाभा फिरतो. किल्ली नसेल तर पट्टीनं गाभ्याला किंचित पीळ द्यायचा आणि तारेनं पिना उचलून पाहायच्या. खरं तर सगळ्या पिना एकदम अडायला हव्यात. पण कारखान्यात भोकं पाडताना ती केसभर इकडेतिकडे होतात, म्हणून एका वेळी एकच पिन अडते. ती जागेवर बसवली की दुसरी अडते. जर्मन संस्था, स्पर्धा, रंगीत पट्टे, सगळं काही कारखान्यातल्या त्या केसभर हयगयीवर उभं आहे. डांबरी रस्त्यांचे ठेकेदार पाहत वाढलेल्या माणसाला हे तत्त्व चटकन पटतं.

पटतं, पण जमत नाही. कारण पीळ हलका द्यायचा असतो. फुंकर मारावी इतका. इथे वैदर्भीय माणूस अडतो. आम्ही नळ बंद केला की तो उघडायला प्लंबर लागतो. आम्ही प्रेमानं पाठीवर थाप मारली की पाहुणा आठ दिवस एका कुशीवर झोपतो. पहिली पट्टी मी बोटाच्या एका दमात वाकवली, दुसरी कुलपातच राहिली. तो वकील म्हणतो, पिनेचं ऐका, ती बोलते. आमच्याकडे एप्रिल लागला की कूलर सुरू होतो. कूलरपुढे बायको बोललेली ऐकू येत नाही, तिथे पिनेचं काय ऐकणार? शेवटी भर उन्हाळ्यात कूलर बंद करून, घामाच्या धारांत, बनियनवर, आरपार दिसणाऱ्या कुलपासमोर बसलो आणि ते उघडलं. मी ओरडलो. ही स्वयंपाकघरातून धावत आली.

"काय झालं?"

"उघडलं!"

"त्यातलं सगळं आधीच दिसते ना बाहेरून?"

मग बाजारातलं कच्चं कुलूप उघडलं, मग त्याच्या भावंडांची पाळी आली, आणि मी स्वतःला तज्ज्ञ समजू लागलो. तेव्हा घराच्या फाटकावरचं जुनं पितळी कुलूप वापरातून काढून हातात घेतलं. त्यात पिना नव्हत्याच! आपल्याकडे दाराला जी कुलपं लटकतात, त्यांतली बरीचशी लिव्हरची असतात. आत पितळी पट्ट्या. किल्लीनं प्रत्येक पट्टी ठरल्या उंचीवर उचलली तरच कडी सुटते. 1778 साली रॉबर्ट बॅरन नावाच्या इंग्रजानं ही युक्ती काढली. पट्टी कमी उचललीत तरी अडते, जास्त उचललीत तरी अडते. कुलपावर "सात लिव्हर" असं ठसठशीत कोरलेलं असतं. माझ्या कातडी पाकिटातली एकही तार त्या भोकात कामाची नव्हती. अमेरिकेच्या दारासाठीचं शिक्षण घेऊन मी वर्ध्याच्या दारासमोर उभा होतो. आमच्या कॉलनीतल्या निम्म्या इंजिनिअर पोरांची हीच गत आहे, म्हणून फार लाज वाटली नाही.

धीर यावा म्हणून मी थोरांची चरित्रं वाचायला घेतली. लंडनला पिकॅडिलीत जोसेफ ब्रामा यांचं दुकान होतं. 1790 पासून त्यांनी काचेत एक कुलूप मांडून ठेवलं होतं: किल्लीविना उघडून दाखवेल त्याला 200 गिनी. साठ वर्षं कोणाला जमलं नाही. 1851 साली मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, त्याला आल्फ्रेड हॉब्स नावाचा अमेरिकन कुलूपवाला आला. त्यानं आधी चब कंपनीचं नावाजलेलं कुलूप 25 मिनिटांत उघडलं आणि मग ब्रामाच्या कुलपाला हात घातला. त्याला एक स्वतंत्र खोली दिली होती. सोळा दिवस, मिळून 51 तास तो त्या एका कुलपासमोर बसला आणि ते उघडून 200 गिनी घेऊन गेला. सगळ्या लंडनची झोप उडाली. असल्या गोष्टी उघड बोलू नयेत, चोर शहाणे होतील, असंही लोक म्हणाले. हॉब्सचं म्हणणं असं की चोरांना हे आपल्या आधीपासून येतं, अडाणी राहतो तो फक्त मालक.

मी ही गोष्ट हिला रंगवून सांगितली.

"सोळा दिवस?" ही म्हणाली. "अन् त्याची बायको कुठं होती?"

माझा खरा गुरू मात्र मला बजाज चौकाच्या अलीकडे फुटपाथवर भेटला. किल्ल्या करून देणारा. पुढ्यात कोऱ्या चाव्यांचे झुबके, एक कानस, एक लहान पकड. मी त्याच्यापुढे सात लिव्हरचं कुलूप ठेवलं आणि किल्ली हरवली असं सांगितलं. त्यानं कोरी चावी आत घातली, जोर देऊन हलवली, बाहेर काढून उन्हात तिरपी धरली, पितळेवर जिथे बारीक खुणा उमटल्या होत्या तिथे कानस फिरवली, परत आत घातली. मधूनच दुसऱ्या गिऱ्हाइकाशी भांडला. टपरीवरचा चहा येईपर्यंत कुलूप उघडं आणि नवी किल्ली तयार. मी भारावून त्याला सगळं सांगून टाकलं. मोबाइलवरचा वकील, जर्मन संस्था, रंगीत पट्टे, माझी साधना.

"म्हणजे हे काम तुमीबी करता?" त्यानं विचारलं.

"करतो ना. छंद आहे."

"पैसे किती घेता?"

"पैसे नाही घेत."

"कोणाचे ताले खोलता?"

"माझेच."

तो जरा वेळ माझ्याकडे पाहत राहिला. "अन् मग पुन्हा लावता?"

"लावतो."

त्यानं चहाचा अर्धा कप बशीत ओतून मला दिला. किल्लीचे पैसे घेताना मात्र सूट दिली नाही.

बातमी गल्लीत पसरायला कितीसा वेळ लागतो! पहिले आले शेजारचे गुरुजी. निवृत्त मुख्याध्यापक, अंगावर खादी, बोलण्यात सेवाग्राम. "हा गांधी-विनोबांचा जिल्हा आहे," ते म्हणाले. "इथं एकादश व्रतं पाळली. अस्तेय, अपरिग्रह. जमवलंच नाही तर कुलूप कायले लागते?" मुद्दा बिनतोड होता. सेवाग्रामच्या आश्रमात साप पकडायचा चिमटा आणि पिंजरा अजून ठेवलेला आहे. साप सापडला तर त्याला न मारता त्यात घालून लांब नेऊन सोडायचे. ज्या गावात सापालासुद्धा कोंडून ठेवत नाहीत, तिथे मी कुलपं घेऊन बसावं हे मलाही अवघडच वाटत होतं. पण त्याच आश्रमातून बापूंचा चष्मा चोरीला गेल्याची बातमी 2011 साली देशभर झाली, तेव्हा अस्तेयाचा अभ्यास सगळ्यांचाच पूर्ण झालेला नाही असं मी नम्रपणे म्हणालो. गुरुजी उठले. त्यांच्या फाटकाला कुलूप आहे, चॅनल गेटला आहे, आतल्या दाराला आहे. तिन्ही उघडून घरात जायला त्यांना बराच वेळ लागतो. मी खिडकीतून पाहत होतो. लिव्हरची दोन, पिनेचं एक.

दिवसा ज्यांनी नाकं मुरडली, ते अंधार पडल्यावर एकेक करून आले. कोणाच्या पदराखाली पेटी, कोणाच्या पिशवीत ब्रीफकेस. आपल्या घरात किती किल्ल्या हरवलेल्या आहेत याची कल्पना मला बँकेतही आली नव्हती. एक काकू सुनेच्या कपाटाचं कुलूप घेऊन आल्या. कडीसकट उचकटून आणलं होतं. "नुसतं पाहाचं आहे, उघडते का नाही ते." मी म्हटलं, कुलूप तुमचं नाही, नियमात बसत नाही. त्या म्हणाल्या, "पोरगा त माझा आहे ना!" एका गृहस्थांना लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा उघडून हवा होता, पण आत काय आहे ते सांगायला तयार नव्हते.

"औषध आहे," ते शेवटी म्हणाले.

"कशाचं?"

"खोकल्याचं. हिनं कुलूप लावून चाबी कुठं ठेवली काय माहीत."

आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, हे बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. खोकला मात्र पुष्कळ.

बहुतेकांची ब्रीफकेस नंबराची असते. ती उघडायला तार लागत नाही. तीन शून्यं लावून पाहायची. नाही उघडली तर एक-दोन-तीन. तरीही नाही उघडली तर मालक अतिशय हुशार आहे असं समजून त्याला जन्मसाल विचारायचं. रिचर्ड फाइनमन नावाचे थोर भौतिकशास्त्रज्ञ पहिल्या अणुबॉम्बच्या कामावर लॉस अलामॉसला होते. अणुबॉम्बची गुपितं ठेवलेल्या कपाटांचे नंबर ते फावल्या वेळात हुडकून काढत. तिथल्या काही तिजोऱ्या तर कारखान्यातून जो नंबर लावून आल्या, त्याच नंबरावर तशाच होत्या. कपाट उघडं असलं की त्याचा नंबर हुडकता येतो, हे त्यांनी दुसऱ्या एका ठिकाणच्या साहेबांच्या लक्षात आणून दिलं. साहेबांनी कपाटं बदलली नाहीत. फाइनमन ज्यांच्या खोलीत येऊन गेले असतील त्यांनी नंबर बदलावा, असं पत्रक काढलं.

आमच्या गल्लीनं पत्रक काढलं नाही, एवढाच फरक. एका सकाळी कोपऱ्यावरच्या घरातली सायकल दिसेना. सायकलला कुलूप होतं, किल्ली घरात होती, म्हणजे झालंच. कोणी काही बोललं नाही. फक्त त्या दिवशी गल्लीतला प्रत्येक माणूस आमच्या घरावरून जाताना थोडा हळू चालला. एकजण "सहज आलो" म्हणत आमच्या मागच्या अंगणापर्यंत जाऊन आला. दुपारी सायकल पानठेल्यापाशी सापडली. मालक आदल्या रात्री तिच्यावरून तिथे गेला होता आणि दुसऱ्याच्या स्कूटरवर बसून परत आला होता. कुलूप लावून किल्ली खिशात घातली होती, हेही त्याला मग आठवलं. यावर गल्लीचा निष्कर्ष असा निघाला की मी सायकल गुपचूप नेऊन ठेवली.

त्या संध्याकाळी मागच्या गल्लीतले निवृत्त जमादार घरी आले. चहा घेतला, पाकीट पाहिलं, तारा एकेक करून उजेडात धरल्या.

"कायदा माहीत आहे का तुमाले?"

"दुसऱ्याचं कुलूप उघडून घरात शिरलो तर घरफोडी. मी तर आपलंच उघडतो."

"ते झालं एक. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951. कलम 122. सूर्यास्त ते सूर्योदय, घरफोडीचं साधन जवळ सापडलं अन् योग्य कारण सांगता नाही आलं, त गुन्हा."

"घरात बसून केलं तर?"

"घरात कोण पाहाले येते? पण पाकीट खिशात टाकून रात्री फिराले निघू नका. अन् त्याच कलमात आहे, गुन्ह्याच्या इराद्यानं तोंड झाकून सापडला तरी गुन्हा."

"अहो, मे महिन्यात अख्खा वर्धा जिल्हा दुपट्ट्यानं तोंड झाकून फिरतो!"

"म्हणून त सूर्यास्तानंतर लिहिलं आहे," जमादार म्हणाले. इतकी वर्षं नोकरी केल्यावर कायद्याबद्दल एवढा आदर उरलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. तेव्हापासून माझा छंद सूर्योदयाला सुरू होतो आणि कालनिर्णय पाहून सूर्यास्ताला बंद होतो.

जमादारांच्याच सल्ल्यानं मंडळ काढायचं ठरलं. चारचौघांत केलं की संशय राहत नाही, हे त्यांचं मत. मराठी माणूस दोनाच्या पुढे गेला की मंडळ होतंच, आणि आम्ही तिघं झालो होतो: मी, जमादार, आणि पॉलिटेक्निकला जाणारा एक पोट्टा, ज्याचा हात आम्हा दोघांपेक्षा हलका होता. जमादार नजर ठेवायला आले होते हे मला ठाऊक होतं, पण कार्यकारिणीला माणूस कमी पडत होता. कुलूप उघडण्याआधी अध्यक्ष ठरला, पावतीपुस्तक छापायला गेलं, उद्घाटनाला कोणाला बोलवायचं यावर वाद झाला. कॉलनीचं एक छोटं सभागृह आहे, ते रविवारी सकाळसाठी ठरवलं. चिवडा आणि गोरसपाक आणून ठेवला. जमादारांनी आग्रह करकरून दहा-बारा माणसं जमवली. गुरुजीही आले, विरोध नोंदवायला.

सभागृहाला कुलूप होतं.

चौकीदाराला फोन लावला. तो समुद्रपूरला साळ्याच्या लग्नात होता. किल्ली त्याच्याकडेच होती. दुसरी किल्ली सेक्रेटरीकडे असते, सेक्रेटरी मुलीकडे पुण्याला. लोकांनी आधी दाराकडे पाहिलं, मग आमच्याकडे. किल्लीविना कुलूप उघडणाऱ्यांच्या मंडळाची स्थापना, आणि मंडळ कुलपाबाहेर उभं! पोट्ट्याचे हात शिवशिवत होते. "काका, पिनेचंच दिसते. दोन मिनटात..."

"हात लावू नको," मी म्हटलं. "कुलूप आपलं नाही. शिवाय वापरात आहे. दोन्ही नियम मोडतात."

"कोणाचं आहे मग?" मागून कोणीतरी ओरडलं. "कॉलनीचं ना? म्हणजे आपलंच!"

यावर दाराबाहेर जी चर्चा झाली ती मंडळाची पहिली सर्वसाधारण सभा समजायला हरकत नाही. कॉलनीचं कुलूप हे प्रत्येकाचं अंशतः आहे, की सगळ्यांचं मिळून आहे, की ज्यांनी मेंटेनन्स भरला त्यांचंच आहे? तिसऱ्या मताला फार पाठिंबा मिळाला, कारण त्यात एकमेकांच्या थकबाक्या काढता आल्या. जमादारांनी परवानगी लेखी हवी असं सांगितलं. गुरुजींनी सांगितलं की वर्ध्यात दार उघडण्याचं खरं काम 1928 साली झालं. जमनालाल बजाजांनी लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना खुलं केलं, तेव्हा मन उघडावं लागलं, तारा नाही लागल्या. टाळ्या पडल्या. विरोध नोंदवायला आलेल्या माणसाचं भाषण उद्घाटनाचं ठरलं. चिवडा पायऱ्यांवर वाटला. ऊन वाढलं तशी माणसं पांगली.

सगळे गेल्यावर झाडू मारणारी बाई आली. तिनं कुलूप धरून खाली ओढलं, कडीतून काढलं आणि दार ढकलून आत गेली.

"बाप्पा, ते नुसतं अडकवलेलं असते," ती म्हणाली. "दाबत नाही कोणी. चाबी कोण शोधन?"

पोट्टा दुसऱ्या दिवसापासून क्रिकेटकडे वळला. जमादार अजून येतात, चहा घेतात, तारा मोजून जातात. मध्यंतरी हिनं मला शनिशिंगणापूरला नेऊन आणलं. तिथे घरांना दारं नाहीत आणि कुलपंही नाहीत अशी ख्याती. युको बँकेनं 2011 साली तिथली शाखासुद्धा कुलपाविना उघडली. इतर भक्त शनिदेवाला तेल घालत होते. मी तेल घातलं आणि त्या शाखेच्या कॅशियरला किती शांत झोप लागत असेल याचा विचार करत उभा राहिलो. ही म्हणाली, "बरं वाटते ना इथं?" खरं सांगायचं तर चैन पडत नव्हतं. परतीच्या प्रवासात बसच्या डिकीला मोठं पितळी कुलूप दिसलं तेव्हा जिवात जीव आला.

तर वाचकहो, मंडळ जिवंत आहे, अध्यक्ष मीच आहे आणि पावतीपुस्तक छापून पडलं आहे. वर्धा, देवळी, सेलू, हिंगणघाट, कुठेही कोणाच्या घरी किल्ली हरवलेली, वापरात नसलेली, स्वतःच्या मालकीची कुलपं पडली असतील तर ती भंगारात देऊ नका, मला द्या. भंगारवाल्यापेक्षा दोन रुपये जास्त देईन. लिव्हरची असली तरी चालतील, सध्या मी कानस शिकतो आहे. किल्ल्यांचा डबाही आणलात तर घेईन. सुनेच्या कपाटाचं आणि खोकल्याच्या औषधाचं कुलूप घेतलं जाणार नाही. आणि कृपा करून सूर्य मावळायच्या आत या.